मोहाखालचा पाचोळा आणि जाळरेषा: वनरक्षकाचं उन्हाळ्याआधीचं काम

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम कागदावर 15 फेब्रुवारी ते 15 जून. बीटवरच्या (नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावरच्या) वनरक्षकाने ती तारीख उजाडायची वाट पाहिली तर उशीर झालाच म्हणून समजा. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात मोकळे केलेले पट्टे, जानेवारीअखेर तयार हव्यात.

आधी रेषेच्या दोन्ही कडांना मीटरभर पट्टा माती दिसेपर्यंत खरडून घ्या. मधलं गवत-झुडूप कापून आठवडाभर वाळू द्या. जाळायचं ते सकाळी वारा सुटायच्या आत, आणि उतारावर वरून खाली. खालून लावलेली आग चढ धरून पळते. दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेऊन माणसं उभी करा, पाणी जवळ ठेवा. लगतच्या वठलेल्या झाडाच्या बुंध्याचा पाला आधीच ओढून घ्या. ते आतून पेटलं तर रात्रभर धुमसतं आणि ठिणग्या रेषेपलीकडे जातात.

रेषा एकदा जाळली की काम संपलं, ही नेहमीची चूक. सागाची पानगळ मार्चपर्यंत चालते आणि रेषा पुन्हा भरते. दर आठ-दहा दिवसांनी ती झाडावीच लागते. ब्लोअरने (पाला उडवणाऱ्या हवेच्या यंत्राने) उडवलेला पाला कडेला बांधासारखा साचू देऊ नका, जंगलात आत पातळ पसरवा. त्या ढिगाची ज्वाळा उंच उठते आणि रेषा ओलांडते.

विदर्भात बऱ्याच आगी सुरू होतात त्या मोहाखाली. फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा पेटवतात आणि तो तसाच सोडून घरी जातात. राखीव वनात आग लावणं 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. पण 2006च्या वनहक्क कायद्याने मोह वेचण्याचा हक्कही दिलेला आहे, म्हणजे वेचू नका असं सांगता येत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात तर जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचाही असतो. म्हणून मार्चआधी ग्रामसभेत बसा, कुणाचं झाड कोणतं ते लिहून घ्या आणि घेराखालची जमीन खराट्याने झाडायचं किंवा जाळी अंथरायचं ठरवा. बिडीच्या तेंदूपानांसाठी लावल्या जाणाऱ्या आगीचंही तेच: कोवळा पाला आगीशिवाय छाटणीनेही फुटतो.

उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच; मध्ये काही तास जातात. नकाशावरचा आगीचा ठिपका 375 मीटरच्या चौकोनाचा असतो, शेतातला धसकटांचा जाळही त्यात दिसतो. पहाऱ्यावरच्या माणसाला पर्याय नाही. लोकांना वनविभागाचा 1926 हा हेल्पलाइन नंबर देऊन ठेवा.

आग विझल्यावर अहवालात कारण म्हणून ‘अज्ञात’ लिहायची घाई नको. खोडं बघा. सपाटीवर, आग ज्या बाजूने आली त्या बाजूला खोड कमी उंचीपर्यंत करपतं, पाठीमागे काळं वर चढतं. कमी करपलेल्या बाजूकडे, झाडामागून झाड असं चालत गेलं की सुरुवातीची जागा बहुधा सापडते.