पाऊस लागला: आधी मेंढीची पापणी पाहा, मग औषधाची बाटली उघडा

पाऊस लागून आठवडा झाला की बांधावर कोवळं हिरवं दिसायला लागतं आणि उन्हाळाभर काडीकाडी वेचलेली मेंढरं त्यावर तुटून पडतात. जपायचं ते इथंच. लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांतून उबदार ओलीत साधारण आठवड्यात अळ्या तयार होतात आणि ओल्या पात्याच्या खालच्या दोन-तीन इंचांत येऊन बसतात. मेंढी मुळाशी दात लावून चरते, त्यामुळे त्या सरळ तिच्या पोटात जातात.

म्हणून दव वाळल्याशिवाय कळप सोडू नका. चरून चरून गवत 4 इंचांपर्यंत खाली आलं की चराईचा तुकडा बदला. मेंढ्यांमागून त्या तुकड्यात गाई-म्हशी चारल्या तर फायदाच होतो, कारण मेंढीचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात वाढत नाहीत. शेळ्यांनी मात्र काही साधत नाही. त्यांचे आणि मेंढ्यांचे जंत बरेचसे तेच.

सगळ्यांत वाईट तो रक्त पिणारा गोलकृमी. हगवण लागली की जंत झाले, असं आपण धरून चालतो. या जंतात बरेचदा हगवण लागतच नाही. माझी एक मेंढी अशीच हातची जाता जाता वाचली. लेंड्या घट्ट होत्या, खातही होती, फक्त परतताना कळपाच्या मागे राहायची. संध्याकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसायची, सकाळी ती उतरलेली असायची, म्हणून मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी पापणी पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी.

तेव्हापासून पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी सगळ्यांच्या पापण्या पाहतो. दिवसाउजेडी वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबायची आणि खालची अंगठ्यानं ओढायची. आतून लाल असेल तर ठीक. फिकट गुलाबी किंवा पांढरी दिसली तर त्या जनावराला जंतनाशक द्यायचं. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात. मात्रा वजन करून ठरवा. अंदाजानं कमी पाजणं हेही तितकंच घातक. गाभण मेंढीला काही जंतनाशकं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, चालत नाहीत. पशुवैद्यकांना विचारूनच द्या.

आता खुरं. चिखलात उभं राहून दोन नख्यांमधली कातडी नरम पडते आणि तिथून सडायला लागते. मेंढी गुडघ्यावर टेकून चरताना दिसली की त्याच दिवशी खूर उचलून पाहा, वास घ्या. सडका वास लपत नाही. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट घालून त्यात पाय बुडवा आणि नंतर कोरड्या जागेवर उभं करा. लंगडणारी वेगळी बांधा. मोरचूद नको. त्यात तांबं असतं, मेंढीला ते सोसत नाही, आणि ते पाणी ती पिऊ शकते. याच कारणानं गाईचं क्षार मिश्रण किंवा चाटण वीट मेंढीपुढे ठेवू नका. तांबं यकृतात साठत राहतं आणि कधीतरी अचानक लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, जनावर जातं.

आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष तयार होऊन मेंढी अचानक दगावते तो रोग. त्याची लस पावसाआधी टोचायची असते. राहिली असेल तर आजच पशुवैद्यकांशी बोला. हिरवा चारा एकदम पोटभर देऊ नका, सवय लावत वाढवा. कोंबड्यांच्या दाण्याचं पिंप कडी लावून बंद ठेवा. मेंढीनं त्यात तोंड घातलं तर पोट फुगून एका रात्रीत दगावू शकते.

कोंबड्यांचं अंथरूण ओलं झालं की बदला. वाकून नाकाला झोंबणारा वास आला तर उशीरच झालाय. मेलेल्या मेंढीचं काळीज-आतडं कुत्र्याला कच्चं घालू नका. त्यातून कुत्र्याला पट्टकृमी होतात आणि त्यांची अंडी घरातल्या लेकरांपर्यंत येतात.

वाड्यात रात्री कळप बसतो त्या जागी तळहात टेकवून पाहा. हात ओला झाला तर आजच वर माती-मुरूम टाका, पाण्याला चर काढा आणि मगच मेंढरं आत घ्या.