नजर कमी होतेय? आधी कीबोर्ड शिका, मशीन मागाहून घ्या

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे हे कळलं तेव्हा मी अकरावीत होतो. ह्यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, आणि नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं राहतं. आता देवगडच्या पुढे आमच्या वाडीत पावसाळ्यात लाईट गेली की सगळेच आंधळे, त्यामुळे घरी कोणाला काही वेगळं वाटलंच नाही, पोरगा धांदरट आहे, गडग्यावर आपटतो, एवढंच. आज कणकवलीला बँकेत क्लार्क आहे. ज्यांना नुकतंच निदान झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मला तेव्हा कोणी काही सांगितलं नव्हतं.

पहिली चूक आमची अशी, की बाबांनी त्या वर्षीच्या आंब्याचे पैसे घालून अक्षरं मोठी करून दाखवणारं मशीन आणलं. दोन वर्षांत नजर एवढी उतरली की ते कपाटात गेलं. आणि ज्याच्यावर मी नोकरी करतो ते एनव्हीडीए फुकट! विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने सुरू केला, तो स्वतः अंध आहे. पेनड्राईव्हवरनं पण चालतो, सायबर कॅफेत काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

पण तो डाऊनलोड करून काही होत नाही, हात तयार लागतात. थोडं दिसत असतानाच न बघता टाईप करायला सुरू करा आणि स्क्रीनचा ब्राईटनेस शून्य करून बसा, नाहीतर डोळे चोरून बघतात. एफ आणि जे ह्या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो बोटांचं घर. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट घ्या, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ह्याची ठरलेली मांडणी, त्यात एफ म्हणजे पहिली वेलांटी, जे म्हणजे र. के, जे, एल दाबलं की 'करत' होतं, माझा पहिला शब्द तोच. मला सरळ टाईप करायला चार महिने लागले. आवाजाचा स्पीड सुरुवातीला कमी ठेवा, दर आठवड्याला थोडा वाढवा, आता माझा ऐकून आई म्हणते मशीन कडाकडा भांडतंय.

अभ्यासात खरा त्रास फाइलींचा. एका क्लासने नोट्स दिल्या, उघडल्या तर एनव्हीडीए वाचतंय डी, एफ, सेमीकोलन, कंस पूर्ण... मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, दोन दिवस सेटिंग बदलत बसलो. नंतर कळलं की जुन्या फाँटात दिसायला मराठी असतं, आत मात्र इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. युनिकोडमध्ये आतही मराठीच अक्षरं असतात, त्यामुळे मागतानाच 'युनिकोडमधली वर्ड फाइल द्या' असं म्हणायचं, लाजायचं नाही. स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे पानाचा नुसता फोटो, आली तर गुगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडा, मराठी बऱ्यापैकी ओळखतं, तक्ते असले की मात्र खिचडी.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, लगेच काढा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातलं १ टक्का अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांना. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. लेखनिक गणितातला बघा, माझ्या पहिल्या लेखनिकाला वर्गमूळाचं चिन्ह माहीत नव्हतं, मी तोंडाने काढून दाखवत होतो.

बाहेर फिरायला पांढरी काठी, तिला पर्याय नाही. मी तीन वर्षं लाजून वापरली नाही आणि दोनदा साकवावरनं पडलो. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन आहे, ती अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्याच्या वरच्या अडथळ्याचं सांगते, हातात कंप येतो, लोंबणारी झावळ किंवा उभ्या टेम्पोचा मागचा भाग त्याने कळतो. पायाखालचा खड्डा आणि जांभ्याची शेवाळलेली पायरी मात्र काठीच्या टोकानेच शोधायची. एसटीत मी फोनवर मॅप लावून टॉकबॅकने, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रीडरने, ऐकत बसतो, तळेबाजार गेलं, शिरगाव आलं, असं. मधे रेंज जाते, म्हणून कंडक्टरला पण सांगून ठेवतो.

पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप, २०२० साली आलं. नेट नसलं तरी चालतं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं, खरी का खोटी ते सांगत नाही. बाजारात पहिल्यांदा वापरलं तेव्हा मासेवाली मोठ्याने म्हणाली, "तुका दिसना नाय मां, मगे मोबायलात काय बघतंस?" तेवढ्यात फोन पाचशे म्हणाला आणि ती गप्प. आता तिला मोतीबिंदू झालाय. संध्याकाळी मी गेलो की गल्ल्यातल्या नोटा माझ्यासमोर धरते, आणि बांगडे एकदोन जास्त घालते.

एक राहिलं. घरावर पत्रे असतील तर जूनपासून फोनचा स्पीकर काही कामाचा नाही, पावसात एक अक्षर ऐकू येत नाही. इअरफोनच्या दोन जोड्या मे महिन्यातच आणा, एक दमट हवेने जातेच. रस्त्यात मात्र दोन्ही कानांत घालू नका, गाडीचा आवाज ऐकायला एक कान मोकळा लागतो.