मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवताना आणि त्यानंतर

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले की प्रथम घरातच दाता शोधावा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक ठरतात. रक्तगट जुळत नसल्यास तशाच अडचणीतील दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याचीही सोय आहे.

घरात दाता नसेल, तर मृत्यूनंतरच्या अवयवदानातून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी नाव नोंदवावे. मुंबईची प्रतीक्षायादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळते. मात्र नोंदणी प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयामार्फतच होते. रुग्णालय निवडताना नावलौकिकाइतकाच प्रवासाचाही विचार करावा, कारण शस्त्रक्रियेनंतर तपासण्यांसाठी वर्षानुवर्षे तिथेच जायचे असते आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाने विरार किंवा बदलापूरहून गर्दीच्या लोकलने वारंवार परळचे रुग्णालय गाठणे सोपे नाही.

यादीतील क्रम केवळ नोंदणीच्या तारखेवर ठरत नाही. रक्तगट पाहिला जातो आणि डायलिसिसवर काढलेला काळ, वय यांसारख्या निकषांवर गुण मिळतात. नंबर पुढे सरकवून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला थारा देऊ नये. अवयवाच्या खरेदी-विक्रीत विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो.

प्रतीक्षेच्या काळात खरे काम असते ते शस्त्रक्रियेस योग्य राहण्याचे. हृदयाच्या तपासण्या ताज्या ठेवाव्यात, किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत आणि हेपटायटिस बीची लस पूर्ण करावी. रक्त चढवण्याची वेळ आल्यास ते टाळता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, कारण त्यातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडीजमुळे) पुढे दाता जुळणे अवघड होते. रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाकडे घरातील किमान दोन मोबाइल क्रमांक द्यावेत. मूत्रपिंड उपलब्ध झाल्याचा फोन मध्यरात्रीही येऊ शकतो. ताप किंवा खोकला असेल तर तो लपवू नये. एका मूत्रपिंडासाठी अनेकदा एकाहून अधिक रुग्णांना बोलावले जाते आणि क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का हे पाहणाऱ्या, चाचणीनंतर काहींना परतावे लागते, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

हा फोन येतो तो दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने अतिदक्षता विभागाबाहेर होकार दिल्यावर. मेंदूमृत्यूचे, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे, निदान चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करून करते. त्या वेळी कृत्रिम श्वासावर छाती हलत असते, हृदय धडधडत असते, आणि तरीही नातेवाइकांना निर्णय घ्यायचा असतो. अशा एका होकारातून दोन मूत्रपिंडे, यकृत, हृदय, फुप्फुसे असे आठ जणांपर्यंत जीवदान पोहोचू शकते. म्हणून रुग्णाच्या घरातील निरोगी मंडळींनीही राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या, संकेतस्थळावर आधार क्रमांकाद्वारे संकल्प नोंदवावा आणि तो घरात मोठ्याने सांगावा. नुसते कार्ड पाकिटात ठेवून भागत नाही. प्रत्यक्षात विचारणा नातेवाइकांनाच होते.

प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमससारखी औषधे ठरलेल्या वेळीच घ्यावीत. रक्तातील त्याची पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. घाईत ती आधी घेतली गेली तर अहवाल दिशाभूल करतो. ग्रेपफ्रूट आणि पपनस या फळांमुळे ही पातळी वाढू शकते, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत फळांच्या ताटातले पपनस इतरांसाठी ठेवावे. वेदनाशामक गोळ्या आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हिंदमाता किंवा मिलन सबवे तुंबल्यावर त्या पाण्यातून चालणे टाळावे. चालावेच लागले तर लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या संसर्गाच्या) प्रतिबंधक औषधाबाबत ताप येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारावे.