परदेशातलं खास जेवण: पैसे भरूनही फजिती होऊ नये म्हणून या चुका टाळा

पहिल्यांदा टेस्टिंग मेन्यूला (म्हणजे स्वयंपाक्याने ठरवलेले छोटे छोटे अनेक पदार्थ एकामागून एक येणाऱ्या जेवणाला) बसलो तेव्हा मी पावानेच पोट भरून घेतलं. टेबल दोन महिने आधी मिळवलेलं, पैसे आगाऊ भरलेले, आणि संध्याकाळी भरपूर भूक लागावी म्हणून दुपारी मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. बसल्याबसल्या गरमागरम पाव आणि लोणी आलं. वाढणारा विचारत गेला, मी हो म्हणत गेलो. चौदापैकी नवव्या पदार्थाला पोटाने हात टेकले. उरलेले पाच मी पैसे वसूल व्हावेत एवढ्यासाठी गिळले.

दुपारी हलकं काहीतरी खाल्लं असतं तर ही वेळ आली नसती. पण खरी गडबड त्याच्याही आधीची होती. आपण नक्की कशाचे पैसे भरलेत, हेच मला कळलं नव्हतं. खास जेवण म्हणून जे विकलं जातं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: ताट, जागा आणि खेळ. तिन्ही एकाच टेबलावर पहिल्या दर्जाच्या मिळणं दुर्मीळ. जागेचे पैसे भरायचे आणि ताटाबद्दल कुरकुर करायची, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

मालदीवमधलं 'इथा' घ्या. २००५ मध्ये सुरू झालेलं हे रेस्तराँ समुद्राच्या पाण्याखाली सुमारे ५ मीटरवर आहे. वर-बाजूला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं छत, आणि आत जेमतेम १४ माणसं बसतात. बिलाचा मोठा भाग त्या छताचा आणि डोक्यावरून जाणाऱ्या माशांचा असतो, हे मान्य करूनच आत जावं. टोरांटोच्या सीएन टॉवरवरचं '३६०' जमिनीपासून ३५० मीटरवर ७२ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतं. तिथे शहर पाहायला जायचं. (फिरत्या रेस्तराँमध्ये जमीन फिरते, खिडकी नाही. कठड्यावर ठेवलेली पर्स थोड्या वेळाने शेजारच्या टेबलापाशी सापडते. हात धुवून परत आल्यावर आपलं टेबलही जागेवर नसतं.) अमेरिकेतल्या 'मेडिएव्हल टाइम्स'मध्ये घोडेस्वार झुंजत असतात आणि जेवण काट्या-चमच्याशिवाय, हाताने. तिथे सॉसच्या बारकाव्यांची चर्चा करणारा माणूस चुकीच्या ठिकाणी आलाय.

याच्या उलटही फसगत होते. मिशेलिन स्टार म्हणजे झुंबरं, मखमली खुर्च्या आणि अदबीने वाकणारे वेटर, असं अनेकांना वाटतं. टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी काढलेल्या त्या मार्गदर्शिकेत १९२६ पासून स्टार दिले जाऊ लागले, आणि ते फक्त ताटातल्या पदार्थांना असतात. सजावट, सेवा, खिडकीतलं दृश्य यांचा त्यात हिशेब नसतो. म्हणून आठ खुर्च्यांच्या साध्या लाकडी काउंटरलाही स्टार असू शकतो. तिथे लग्नाचा वाढदिवस साजरा करायला गेलेलं जोडपं हिरमुसतं, त्यात स्वयंपाक्याचा दोष नसतो.

जुन्या व्हिडिओवर सहलीचा बेत

थीम रेस्तराँचं आयुष्य कमी असतं आणि इंटरनेटवर मात्र ती अमर असतात. तोक्योच्या हाराजुकूमधला रंगीबेरंगी 'कावाई मॉन्स्टर कॅफे' जानेवारी २०२१ मध्ये बंद झाला, पण त्याची चित्रं अजून 'पाहायलाच हवं' अशा याद्यांत फिरतात. शांघायचं 'अल्ट्राव्हायोलेट' दहाच माणसांसाठी होतं. प्रत्येक पदार्थाबरोबर भिंतींवरची दृश्यं, आवाज आणि वास बदलायचे. तेही २०२५ मध्ये मिटलं. ठिकाण चालू असलं तरी मेन्यू तोच असेल याची खात्री नसते. न्यूयॉर्कच्या 'इलेव्हन मॅडिसन पार्क'ने २०२१ मध्ये मांस-मासे पूर्ण सोडले आणि २०२५ मध्ये पुन्हा आणले. मधल्या काळातला लेख वाचून आज निश्चिंत जाणाऱ्या शाकाहारी माणसाने आधी मेन्यू विचारलेला बरा.

उपाय सोपा. रेस्तराँच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा आणि बुकिंगचं कॅलेंडर उघडा. पुढच्या तारखा दिसतायत म्हणजे चूल पेटती आहे. मग मेन्यूचं पान पाहा. बाकी सगळं ऐकीव.

ऋतू आणि भरती-ओहोटीही पाहायची असते. इटलीतल्या पोलिन्यानो आ मारे या गावी समुद्रावरच्या नैसर्गिक गुहेत 'ग्रोत्ता पालाझेझे' भरतं, पण ते उन्हाळ्याच्या हंगामातलं ठिकाण आहे. हिवाळ्यात गुहा पाहायला मिळणार नाही. झांझिबारच्या 'द रॉक'ला ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. चहूबाजूंनी निळं पाणी असलेला तो प्रसिद्ध फोटो भरतीचा आहे. चुकीची वेळ घेतलीत तर खडकाभोवती वाळूच दिसेल. त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहून मगच टेबलाची वेळ निवडा.

बुकिंगमधले सापळे

अनेक मोठी रेस्तराँ आता टेबल राखून ठेवत नाहीत, तिकीट विकतात. शिकागोच्या 'अलिनिया' रेस्तराँच्या मंडळींनी २०११ मध्ये 'नेक्स्ट' हे दुसरं रेस्तराँ काढलं तेव्हा नाटकासारखी आगाऊ तिकिटं ठेवली, आणि ती पद्धत जगभर पसरली. असे पैसे सहसा परत मिळत नाहीत. मात्र अनेक ठिकाणी तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं किंवा तारीख बदलून मिळते. रद्द करण्याआधी हे विचारा.

बुकिंग उघडण्याची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, तुमच्या नाही. तारखेचंही तेच: ०४/०७ म्हणजे युरोपात ४ जुलै, अमेरिकेत ७ एप्रिल. पैसे भरण्यापूर्वी महिना अक्षरात कुठे दिसतोय का पाहा.

पोहोचायच्याच दिवशी रात्रीचं टेबल घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. विमान उशिरा येतं, सामान येत नाही, आणि हे सगळं वेळेवर झालं तरी चौथ्या पदार्थाला डोळे मिटू लागतात. तिसरा दिवस बरा. जपानमधल्या सुशी काउंटरवर तर अनेकदा सगळ्यांचं जेवण एकदमच सुरू होतं. तुम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलात तर सात अनोळखी माणसं तुमच्यासाठी खोळंबतात, नाहीतर सुरुवातीचे पदार्थ तुम्हाला मिळतच नाहीत. उशीर होणार असं दिसलं की फोन करा. ऐन गर्दीच्या वेळी ईमेल कोणी उघडत नाही. फोनवर भाषेची अडचण असेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला करायला सांगा, त्यांना याची सवय असते.

टेबलच मिळत नसेल तर? दुपारचं पाहा. अनेक नामांकित ठिकाणी दुपारचा मेन्यू आखूड आणि बराच स्वस्त असतो, स्वयंपाकघर मात्र तेच. चौघांऐवजी दोघांसाठी शोधा. प्रतीक्षायादीत नाव टाका आणि आदल्या दोन दिवसांत फोन जवळ ठेवा, कारण रद्द झालेल्या जागा तेव्हाच सुटतात.

'मी शाकाहारी आहे' एवढंच सांगणं

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त रसभंग याच कारणाने होतो. शाकाहारी या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. बऱ्याच ठिकाणी मासे म्हणजे 'मांस' नव्हे, आणि पदार्थात दिसत नाही ते मोजायचं नसतं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे अर्क उतरवलेलं पाणी. ते सहसा कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून होतं. त्यामुळे नुसत्या भाज्यांच्या वाटीतही बहुधा मासा असतो. फ्रेंच सॉसमध्ये हाडांचा अर्क, मऊ गोड पदार्थांत जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या द्रव्याने विरजतात, हे अनेक इटालियन वेटरांच्याही ध्यानात नसतं.

म्हणून नाव सांगू नका, यादी द्या: मांस नको, मासा नको, माशाचा अर्क नको, जिलेटिन नको, अंडं चालेल किंवा नाही. ही यादी बुकिंग करतानाच लिहा, दोन-तीन दिवस आधी पुन्हा विचारा आणि तिथल्या भाषेत लिहिलेला कागद बरोबर ठेवा. टेस्टिंग मेन्यूची तयारी दिवस-दिवस आधी सुरू होते. खुर्चीत बसल्यावर सांगितलंत तर हाती लागेल ती उकडलेली भाजी मिळेल, आणि पैसे तेवढेच. काही रेस्तराँ आधीच स्पष्ट कळवतात की शाकाहारी जेवण जमणार नाही. राग मानू नका, दुसरं ठिकाण शोधा. जपानमध्ये बौद्ध मठांची शोजिन र्योरी ही पूर्ण शाकाहारी परंपरा आहे. क्योतोच्या तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारातलं 'शिगेत्सु' त्यासाठीच ओळखलं जातं.

आवडत नाही म्हणून 'अ‍ॅलर्जी आहे' असं खोटं सांगू नका. अ‍ॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघर फळ्या, सुऱ्या, भांडी वेगळी करतं आणि तो घटक असलेले सगळेच पदार्थ तुमच्या ताटातून जातात. नावडतं असेल तर तसंच सांगा. आणि खरी अ‍ॅलर्जी असेल तर मुद्दाम काळोखात जेवायला देणाऱ्या रेस्तराँमध्ये ती आधी सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नका, कारण तिथे समोर काय आलंय ते दिसणारच नाही.

चुकीचा पदार्थ समोर आलाच तर काट्याने इकडेतिकडे ढकलत बसू नका. लगेच हात वर करा. अर्धा खाऊन मग तक्रार केली की कोणालाच काही करता येत नाही.

शरीराला काय झेपेल?

झुरिकचं 'ब्लिंडेकू' १९९९ मध्ये सुरू झालं, पॅरिसचं 'दाँ ल न्वार' २००४ मध्ये. दोन्हीकडे मिट्ट काळोखात जेवायचं, आणि वाढायला अंध किंवा दृष्टी अधू असलेली माणसं. मोबाइल, चमकणारं घड्याळ बाहेरच ठेवावं लागतं. पहिली पाच मिनिटं अनेकांना घाबरायला होतं. तसं झालं तर वाढणाऱ्याला हाक मारा, तो बाहेर नेतो. स्वतः उठून चालायला लागणं ही मात्र हमखास सांडलवंडीची पद्धत.

२००६ मध्ये बेल्जियममध्ये निघालेल्या 'डिनर इन द स्काय'मध्ये क्रेन २२ माणसांचं टेबल ५० मीटर उंच उचलते. माणसं पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेली असतात. वर स्वच्छतागृह नाही. बाकी काय करायचं ते वाचकांना सांगायला नको. बर्फाच्या रेस्तराँमध्ये तापमान शून्याखाली असतं. तिथे कोट महत्त्वाचा आणि गरम सूप आधी संपवणं त्याहून महत्त्वाचं. कोपनहेगनच्या 'अल्केमिस्ट'मध्ये सुमारे ५० 'अनुभव' चार-सहा तास चालतात. लहान मूल, दुखरी पाठ किंवा रात्रीची शेवटची गाडी यांपैकी काहीही सोबत असेल तर आधी विचार करा.

कपड्यांबद्दल थोडक्यात: अडवतात ते बहुधा बुटांवरून. लंडनच्या 'रिट्झ'मध्ये दुपारच्या चहालाही पुरुषांना जाकीट आणि टाय लागतो, जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. आणि सुशी काउंटरवर अत्तर लावून जाऊ नका, शेजाऱ्याच्या माशाला तुमचा वास येतो.

शब्दांचा घोळ आणि बिलाचा धक्का

अमेरिकेत 'आंत्रे' म्हणजे मुख्य पदार्थ, फ्रान्समध्ये सुरुवातीचा. फ्रान्समध्ये 'मेन्यू' मागितलात तर ठरावीक ताट येईल. पदार्थांची यादी हवी तर 'कार्त' म्हणायचं. इंग्रजांचा तीन मजली तबकातला चहा म्हणजे आफ्टरनून टी. 'हाय टी' हे मुळात कष्टकऱ्यांचं संध्याकाळचं पोटभर जेवण होतं.

बिलात सहसा चार ठिकाणी ठेच लागते. पाणी: न विचारता बाटली उघडली जाते, साधं नळाचं हवं असेल तर आधीच म्हणा. वाइन पेअरिंग, म्हणजे प्रत्येक पदार्थाबरोबर जुळणारी वाइन: कधीकधी जेवणाइतकंच महाग पडतं, पण अर्धं किंवा बिनदारूचं पेअरिंग मिळतं का ते विचारता येतं. वजनावर विकला जाणारा मासा किंवा शेवंड: वजन आणि दर ऐकल्याशिवाय मान डोलावू नका. आणि ट्रफल ही महागडी बुरशी ताटावर किसायला आलेला माणूस. तो नेहमी फुकट किसत नसतो.

इटलीत बऱ्याच ठिकाणी 'कोपेर्तो' नावाचा माणशी आकार लागतो, ती लबाडी नव्हे. फ्रान्समध्ये सेवा दरातच धरलेली असते. लंडनमध्ये साडेबारा टक्के सेवाशुल्क बिलात जोडलेलं आढळतं. ते ऐच्छिक असतं, पण न पाहता वर आणखी टिप देणारे कमी नाहीत. अमेरिकेत १८ ते २० टक्के अपेक्षित, जपानमध्ये टिप देऊ नये. कार्डाच्या यंत्राने 'तुमच्या चलनात भरायचं का' असं विचारलं तर नाही म्हणा. तो विनिमय दर बहुधा तुमच्या तोट्याचा असतो. आकडा पटला नाही तर पदार्थवार बिल मागा, शांतपणे, आणि कार्ड देण्याआधी.

फोटो काढा, पण फ्लॅश बंद ठेवा आणि पदार्थ थंड होऊ देऊ नका. इंग्लिश शेफ हेस्टन ब्लूमेन्थालच्या 'फॅट डक' रेस्तराँची एक प्रसिद्ध डिश शंखातून आलेल्या इअरफोनवर लाटांचा आवाज ऐकत खायची असते. ती चित्रात येणार तरी कशी? त्याऐवजी निघताना छापील मेन्यू मागून घ्या, बरीच ठिकाणं आनंदाने देतात. पॅरिसच्या 'तूर दार्जाँ'मध्ये १८९० पासून प्रत्येक बदकाला क्रमांक देतात आणि तो छापलेलं कार्ड पाहुण्याला मिळतं. मी त्या पहिल्या रात्री काहीच मागितलं नाही. त्या नवव्या पदार्थाचं नाव मला आजही आठवत नाही, पावाची चव मात्र चांगली लक्षात आहे.