मल्टिशॉट आतषबाजीची आखणी: सव्वाचार मिनिटे आणि सहा बॉक्स

गोव्यातल्या जत्रोत्सवांत दारूकाम पाहत वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांना आतषबाजी आवाजावरून आणि शॉटच्या, म्हणजे एकामागून एक आकाशात उडणाऱ्या बारांच्या, संख्येवरून जोखण्याची सवय लागलेली असते. वाड्यावरच्या कार्यक्रमासाठी २४० शॉटचा एकच मोठा बॉक्स आणून तो पेटवून दिला, तर पहिली वीस सेकंदे लोक खूश असतात आणि त्यानंतर आपापसांत बोलू लागतात. त्याऐवजी सहा लहान बॉक्स घेऊन त्यांचा क्रम, रंग आणि मधला अंधार विचारपूर्वक ठरवला, तर कमी शॉटमध्ये लोक शेवटपर्यंत आकाशाकडे पाहत राहतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

मल्टिशॉटचा बॉक्स म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या कागदी नळ्यांचा संच असतो आणि आतल्या एकाच वातीने त्या ठरावीक अंतराने उडत जातात. हे अंतर, उंची आणि नळ्यांचा कोन कारखान्यात ठरलेला असतो. त्यामुळे बॉक्स उघडणे, त्याच्या नळ्या सुट्या करणे, वात कापणे किंवा दोन बॉक्सच्या वाती एकमेकींना जोडणे या गोष्टी हौशी माणसाने कधीही करू नयेत. आपली कला बॉक्सच्या बाहेर आहे. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी आणि वेष्टनावर उत्पादकाचे नाव, ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेची मान्यता व हरित फटाक्यांचे चिन्ह आहे याची खात्री करून घ्यावी.

आखणीची सुरुवात वहीत करावी. प्रत्येक बॉक्ससाठी वात पेटल्यापासून पहिला शॉट सुटेपर्यंतचा वेळ, एकूण चालण्याचा वेळ, रंग, आकार आणि नळ्या सरळ आहेत की पंख्यासारख्या तिरक्या, एवढ्या नोंदी हव्यात. वेष्टनावर लिहिलेला वेळ नेहमी बरोबर असतोच असे नाही, म्हणून शक्य असल्यास त्याच जातीचा एक बॉक्स आधी उडवून घड्याळाने मोजावा. आकारांसाठी मी माझी स्वतःची नावे वापरतो: गोल फुटून टोकाला शेपट्या सोडणारी ती शेवंती, जाड सोनेरी किंवा रुपेरी फांद्या खाली वाकवणारा तो माड आणि न फुटता केवळ रेघ ओढत जाणारा तो बाण. मदतनिसांनाही ही नावे लगेच समजतात.

रंगांच्या क्रमाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा आणि निळा तांब्याच्या क्षारांचा असतो. निळा प्रकाश देणारे तांब्याचे संयुग जास्त उष्णतेत टिकत नाही, म्हणून निळ्याची ज्योत फार प्रखर करता येत नाही आणि तो रंग नेहमीच मंद दिसतो. झगझगीत रुपेरी शॉट पाहून डोळे दिपल्यानंतर लगेच निळा आला, तर तो कोणाला जाणवतही नाही. त्यामुळे निळा नेहमी अंधारानंतर ठेवावा आणि रुपेरी व कडकडणारे शॉट शेवटासाठी राखावेत. हिरव्या रंगासाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे, म्हणून कुठून आला हे सांगता न येणारा गडद हिरव्याचा स्वस्त माल टाळावा.

आता मधल्या अंधाराविषयी. एखादा बॉक्स चालू असताना कोणीही पेटवण्याच्या जागेत पाऊल टाकायचे नाही, हा माझा पहिला नियम आहे. याचा अर्थ असा की दोन बॉक्सच्या मध्ये माणूस चालत जाऊन, वात पेटवून सुरक्षित अंतरावर परत येईपर्यंत सुमारे वीस सेकंद आकाश रिकामे राहणारच. सुरुवातीला मला हा काळ रखडलेला वाटायचा, पण आमच्या वाड्यावरच्या मुलांनी त्या वीस सेकंदांत घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये वाजवायला सुरुवात केली आणि तीच आखणीची सर्वांत आवडती जागा ठरली. दिपलेले डोळेही तेवढ्या वेळात सावरतात.

नमुन्यादाखल एक क्रम देतो. आरंभी डाव्या व उजव्या टोकाला दोन भुईनळे एकाच वेळी, तीस सेकंद, आकाशात काहीही नाही. पन्नासाव्या सेकंदाला १२ शॉटचा सरळ सोनेरी बाणांचा बॉक्स, साधारण पंचवीस सेकंद. पंच्याण्णवाव्या सेकंदाला ३० शॉटचा लाल-निळा, पस्तीस सेकंद. दीडशेव्या सेकंदाला ३० शॉटची शेवंती, चाळीस सेकंद. येथे मधला अंधार किंचित लांबवावा आणि दोनशे पंधराव्या सेकंदाला तीन माणसांनी एका इशाऱ्यावर तीन बॉक्स पेटवावेत: दोन्ही बाजूंना २५ शॉटचे पंखे आणि मध्ये ६० शॉटचा रुपेरी माड. एकूण १८२ शॉट, सव्वाचार मिनिटे. एखादा बॉक्स पेटला नाही, तर त्याच्याकडे परत न जाता पुढचा घ्यावा.

जागा निवडताना वारा आणि चंद्र दोन्ही पाहावेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत किनारपट्टीवर रात्रीचा मंद वारा सहसा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, तर पौर्णिमेच्या रात्री आठ वाजता चंद्र पूर्वेला असतो. त्यामुळे लोकांना पूर्वेच्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून बसवले की धूर त्यांच्यापासून दूर जातो आणि चंद्रही पाठीमागे राहतो. साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या काठी जशी त्रिपुरारी पौर्णिमा साजरी होते, तशा चांदण्या रात्री हे फार उपयोगी पडते. दरीतल्या गावांत मात्र वारा वेगळा वाहतो, तेव्हा आदल्या रात्री त्याच वेळी उदबत्तीच्या धुरावरून दिशा पाहावी. माडाच्या झावळ्या सतत सळसळत असतील, तर कार्यक्रम पुढे ढकलावा.

कापणी झालेले भाताचे शेत, सुक्या गवताचा सडा, काजूची बाग आणि झावळ्यांनी शाकारलेल्या खोपींचा परिसर या जागा नकोत. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून तिथल्या किनाऱ्यांचा विचारही करू नये. लोक व बॉक्स यांच्यात वेष्टनावर लिहिलेले अंतर हे किमान समजावे; मी पन्नास मीटरांच्या आत कोणालाही बसवत नाही. तिरके पंखे लोकांच्या रांगेला समांतर उघडतील असे ठेवावेत.

बॉक्स सपाट फळीवर ठेवून चारही बाजूंनी वाळूच्या पोत्यांनी घट्ट बसवावा, कारण चालू बॉक्स कलंडणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. चिऱ्यांचा आधार सोपा वाटतो, पण बॉक्स फुटल्यास त्यांचे तुकडे उडू शकतात. आपल्याकडे दंव फार पडते, म्हणून पेटवण्याच्या क्षणापर्यंत बॉक्स झाकलेले असावेत. त्यामुळे शेजारच्या ठिणग्यांपासूनही बचाव होतो. बॉक्स एका ओळीत अंतर सोडून मांडावेत आणि शिरण्याच्या वाटेपासून सर्वांत दूरचा आधी पेटवावा, म्हणजे नुकत्याच संपलेल्या बॉक्सजवळून जावे लागत नाही. वात लांब काठीला बांधलेल्या उदबत्तीने, सुती कपडे व चष्मा घालून, अंग बॉक्सवर न झुकवता पेटवावी. जास्तीचा साठा जवळ नसावा: १० एप्रिल २०१६ रोजी केरळमधील पुट्टिंगल देवळात साठवलेल्या दारूकामाला आग लागून शंभराहून अधिक माणसे दगावली.

फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल ही आवाजाची कायदेशीर मर्यादा आहे, रात्री दहानंतर आतषबाजी करता येत नाही आणि इस्पितळ वा शाळेपासून १०० मीटरांचे क्षेत्र वर्ज्य आहे. कार्यक्रम सार्वजनिक असेल, तर पंचायत, पोलीस आणि जिल्हा प्रशासनाकडे आधीच विचारणा करावी आणि पेटवण्याचे काम परवानाधारक व्यावसायिकाकडे सोपवावे. आखणीची वही त्याच्या हाती देता येते. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे ते गुरे आणि कुत्री आत घेतात. १०१ आणि १०८ हे क्रमांक कोण फिरवणार, हेही ठरवून ठेवावे.

संपल्यावर अर्धा तास कोणीही जवळ जाऊ नये. नंतर प्रत्येक बॉक्सवर बादलीभर पाणी ओतून तो रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी उजेडात आसपासचे गवत पायाखाली न तुडवता तपासावे, न फुटलेला गोळा दिसल्यास त्याला हात न लावता आधी पाण्याने भिजवावा आणि मुलांना त्या मैदानात त्यानंतरच सोडावे.