विमान पाण्यावर उतरलंच तर: जॅकेट कधी फुगवायचं आणि बाकीचं

वहिनी पहिल्यांदाच एकटी नेवार्कला निघाली होती. आदल्या रात्री तिचा फोन आला, "अहो वन्सं, ते सीटखालचं जॅकेट खरंच असतं का, की नुसतं दाखवायला?" मी 27 वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, त्यातली शेवटची 9 नव्या पोरापोरींना शिकवण्यात. एवढ्या वेळा ते पिवळं जॅकेट गळ्यात घालून दाखवलं, आणि घरच्याच माणसाला हा प्रश्न! तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

जॅकेट असतं. जागेवर बसलात की वाकून सीटखाली हात घाला, बोटांना पिशवी लागेल. लागली की हात मागे घ्या, ती उघडायची नाही. काही विमानांत, विशेषतः बिझनेस क्लासमध्ये, ती बाजूच्या कप्प्यात असते. समोरच्या खिशातल्या कार्डावर चित्र असतंच. मग जवळच्या दारापर्यंत सीटच्या किती रांगा आहेत ते मोजा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. अंधारात हाताने पाठी चाचपत जायची वेळ आली तर तो आकडाच कामी येतो. मागचं दार जवळ आहे म्हणून खूश होऊ नका. पाण्यावर बरेचदा शेपटीकडची बाजू आधी खाली जाते. 2009 साली न्यूयॉर्कला हडसन नदीत उतरलेल्या विमानात मागच्या दारांतून कुणालाच बाहेर पडता आलं नाही, सगळे पुढून आणि पंखांवरच्या दारांतून निघाले.

वर्गात माझी सुरुवात मात्र हडसनने नसायची, पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या 1956 सालच्या विमानाने असायची. 15 ऑक्टोबरच्या रात्री होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं चार इंजिनांचं बोईंग स्ट्रॅटोक्रूझर, आत 24 प्रवासी आणि 7 कर्मचारी. भर समुद्रावर 1 नंबरच्या इंजिनाचा पंखा बेफाम फिरायला लागला. अशा वेळी पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न ठेवता कडेने वळवतात, त्याला फेदर करणं म्हणतात. ती वळेनात. इंजिन बंद केलं तरी पंखा वाऱ्यावर फिरतच राहिला आणि विमानाला मागे ओढत राहिला. थोड्या वेळाने 4 नंबरचं इंजिनही गेलं. आता आहे त्या इंधनात कुठलाच किनारा गाठता येणार नव्हता.

नशीब एवढंच की अमेरिकन कोस्ट गार्डचं 'पाँटचार्ट्रेन' हे जहाज त्याच वाटेवर होतं. विमानांना हवामान आणि दिशा कळवायला अशी जहाजं तेव्हा भर समुद्रात ठरल्या जागी मुक्काम ठोकून असत. कॅप्टन रिचर्ड ऑग जहाजापाशी पोचले, पण उतरले नाहीत. काळोखात लाट दिसत नाही. रात्रभर त्यांनी जहाजाभोवती घिरट्या घातल्या. इंधन जळत गेलं तसं विमान हलकं झालं, आणि प्रवाशांना तयारीला वेळ मिळाला. आदल्याच वर्षी असंच एक स्ट्रॅटोक्रूझर ओरेगॉनजवळ समुद्रात उतरताना शेपटीकडून तुटलं होतं. ते ध्यानात ठेवून ऑग यांनी मागच्या जागा रिकाम्या करायला लावल्या. मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

उजाडल्यावर जहाजाने पाण्यावर फेसाचा पट्टा आखून दिला. सपाट समुद्रावर उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून. सकाळी 6:15 ला चाकं आत ठेवूनच विमान टेकलं, गर्रकन वळलं आणि शेपटी तुटली. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. सगळेच्या सगळे 31 जण जिवंत बाहेर आले. साधारण 20 मिनिटांत विमान बुडालं. सामानाच्या कप्प्यातले कॅनरी पक्षी तेवढे गेले बिचारे.

एवढा वेळ सगळ्यांना मिळत नाही. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' 11 एप्रिल 1955 ला हाँगकाँगहून जकार्ताला जाताना बॉम्बस्फोटाने पेटलं. कॅप्टन जटार यांच्या हाताशी जेमतेम काही मिनिटं होती. तेवढ्यातही क्रूने जॅकेटं वाटली. नातुना बेटांजवळ विमान पाण्यावर आपटलं आणि 19 पैकी 3 वाचले, तिघेही क्रूमधले: दीक्षित, पाठक आणि कर्णिक. एअर होस्टेस ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ही नावं मी फळ्यावर लिहायचे.

आता जॅकेट. डोकं घाला, पट्टा कमरेमागून पुढे आणा, बकल लावा, खेचून घट्ट करा. हे सोपं वाटतं. हडसनमध्ये 155 माणसं वाचली, पण चौकशीत जॅकेट पट्ट्यासकट स्वतः नीट बांधलेले प्रवासी निघाले 4.

आणि लाल टॅब ओढायची ती दारातून बाहेर पडताना, आत असताना नाही. माझी शिकाऊ असतानाची गोष्ट सांगते. पोहण्याच्या तलावात दाराची लोखंडी चौकट अर्धी पाण्यात सोडली होती. मी घाईघाईत काठावरच टॅब ओढली. फस्सकन जॅकेट फुगलं, हनुवटी वर गेली, स्वतःचे पाय दिसेनात. सर म्हणाले, "छान. आता पाण्याखालून चौकटीच्या पलीकडे जा." मी तीनदा बुडी मारायला गेले आणि तिन्ही वेळा रिकाम्या घागरीसारखी बुडकन वर आले. डोकं चौकटीच्या वरच्या कडेवर आपटलं ते वेगळंच. 1996 साली कोमोरो बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं विमान समुद्रात पडलं तेव्हा आतमध्येच जॅकेट फुगवलेले कित्येक जण असेच छताला चिकटून अडकले आणि बुडाले.

टेकण्याआधी बेल्ट कमरेच्या हाडावर घट्ट, पाय जमिनीला टेकलेले, डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर. एकच आदळा बसेल असं समजू नका, विमान पूर्ण थांबेपर्यंत तसेच राहा. बॅग घ्यायची नाही. पासपोर्टची सुद्धा नाही. वहिनीने इथे हुंकार दिला नाही, म्हणून दोनदा सांगितलं.

दाराशी फुगून आलेल्या रबरी तराफ्यात शक्यतो उडी मारू नका, दारातून सरळ पाऊल टाका आणि आत गेल्यावर खाली बसा. सगळे आले की विमानाशी बांधलेली दोरी सोडायची किंवा कापायची, त्यासाठी तिथेच सुरी असते. पाण्यात राहावं लागलं तर हातपाय मारत बसू नका, अंगातली ऊब जाते. गुडघे पोटाशी घ्या, तिघंचौघं असाल तर एकमेकांना बिलगा. समुद्राचं पाणी पिऊ नका, घसा कितीही कोरडा पडला तरी. जॅकेटला शिट्टी असते, ती वाजवा. ओरडण्यापेक्षा तिचा आवाज लांब जातो आणि दमही टिकतो.

मदतीची बोट दिसली की सगळे एकदम त्या बाजूला सरकू नका, तराफा उलटेल. बसून राहा, दोर टाकतील तो धरा, आणि बोटीवरचा माणूस ज्याला खूण करेल त्यानेच आधी चढायचं.