डोंगरातला दगड मोजताना: गौण खनिजांच्या पाहणीची रीत

मुंबईच्या जुन्या इमारती मुंबईच्याच दगडावर उभ्या राहिल्या. कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड फोर्टात आजही भिंतींतून दिसतो. आता मात्र खडी, ग्रिट, कच, मुरूम, डबर असा सगळा माल ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरांतून डंपरने येतो. त्या डोंगरांत माल किती आहे, तो कुठून काढता येईल आणि कुठे हात लावायचा नाही, हे पाहणीत ठरतं. भूशास्त्र किंवा सर्व्हे शिकून मुंबईतून पहिल्यांदाच अशा कामावर निघणाऱ्यांसाठी ही रीत लिहिली आहे. उदाहरणादाखल डोळ्यांसमोर शहापूर-कसाऱ्याकडचा डोंगर ठेवा.

कायद्याचं थोडक्यात

इमारतीचा दगड, गोटे, साधी माती, साधी रेती ही १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाप्रमाणे गौण खनिजं. त्यांचे नियम राज्य करतं. आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जिल्ह्यात गौण खनिज कुठे आणि किती आहे ते सांगणारा जिल्हा सर्वेक्षण अहवाल आला आणि २५ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने त्याची पद्धत आणि नमुना ठरवून दिला. हा अहवाल दर पाच वर्षांनी नव्याने करायचा असतो. तुमची जागेवरची नोंद शेवटी त्यातल्या एखाद्या तक्त्यात जाऊन बसते, म्हणून तक्त्याचे रकाने पहिल्या दिवसापासून वहीत आखून घ्या.

आधी वजाबाकीचा नकाशा

नवखा माणूस आधी दगड शोधतो. तसं करू नका. जिथे खाण होऊच शकत नाही अशा जागा आधी नकाशावरून खोडा. उरलेल्या जागी दगड शोधा. त्याने निम्मी पायपीट वाचते, आणि नको त्या जागेचा आकडा अहवालात शिरत नाही.

५० हजारी (१:५०,०००) टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा सरकारी नकाशा, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवरचा नकाशा, भूमी अभिलेखचे गावनकाशे आणि संबंधित गटांचे सातबारा एकत्र आणा. त्यावर वनहद्द, खाजगी वन, अभयारण्य आणि त्याभोवतीचं संवेदनशील क्षेत्र चढवा. शहापूर भागात तानसा अभयारण्य आहे, आणि तानसा-भातसाचं पाणलोट म्हणजे मुंबईचंच पिण्याचं पाणी. त्यानंतर गावठाण, पाडे, शाळा, रस्ता, रेल्वे, उच्चदाबाची लाइन, विहिरी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वनाचा शेरा लपलेला असतो. तो वाचल्याशिवाय गट ‘मोकळा’ म्हणू नका. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाच्या खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची शिफारस आधी लागते. म्हणून पाहणीला जाण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी कळवा, आणि पाड्यावरचा एक जाणता माणूस मजुरी देऊन बरोबर घ्या. झऱ्यांची, जुन्या खड्ड्यांची आणि पावसात कुठली दरड येते याची माहिती त्याच्याइतकी कुठल्याच नकाशात नसते.

इथे हमखास होणारी चूक अशी: जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार), मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ वर. डेटम न बदलता एकावर एक ठेवलं की सगळं गट नंबर बदलण्याइतकं सरकतं. कोकणपट्टीचं सगळं काम मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या झोन ४३ मध्येच ठेवा, आणि गावनकाशा बसवताना चार ठिकाणचे बांध किंवा हद्दीचे दगड जागेवर जाऊन टिपा. कोपऱ्यातल्या एकाच दगडावर विसंबलात तर नकाशा फिरतो.

डोंगर वाचायचा कसा

सह्याद्रीतला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. थर बहुतेक आडवे. घट्ट पाषाणाचा थर उभा कडा करतो. सच्छिद्र बेसॉल्ट आणि लाल बोल (दोन लाव्हांमधला लाल, मातकट थर) झिजून त्याची माच किंवा उतार होतो. म्हणून समोरच्या डोंगरावरून पाहिलं तर पायऱ्या मोजता येतात. पहिला दिवस हातोडी न काढता याच कामाला द्या. फोटो काढा, प्रत्येक कड्याला क्रमांक द्या, मग नाल्यातून वर चढा. नाल्याने डोंगर कापलेला असतो, त्यामुळे माती-झाडोऱ्याखालचे थर तिथे उघडे सापडतात. सोंडेवरून चढणाऱ्याला फक्त वरची कातडी दिसते.

जिथे एक थर संपून दुसरा लागतो त्या दर संपर्करेषेला थांबून चार गोष्टी लिहा: थराची जाडी, सांध्यांचं (खडकातल्या भेगांचं) अंतर आणि दिशा, पोकळ्यांचं प्रमाण, पोकळ्यांत काय भरलंय. ताजा घट्ट पाषाण हातोडीखाली खणखणीत वाजतो. कुजलेला बद्द वाजतो. पोकळीतल्या पांढऱ्या दाण्यावर १० टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. थंड राहिलं तर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटीच्या जातीचं काही. मग काँक्रीटसाठी तो दगड सिमेंटमधल्या अल्कलीशी होणाऱ्या प्रक्रियेची चाचणी झाल्याशिवाय पास करू नका.

दोन ठिकाणी माणूस फसतो. पहिलं म्हणजे उतारावरचे धोंडे. वरच्या कड्यावरून कोसळून अर्धवट मातीत रुतलेला मोठा धोंडा हुबेहूब जागचा खडक वाटतो. ओळख अशी: आसपासच्या चार-पाच उघड्या दगडांत सांध्यांची दिशा मोजा. ती जुळली तर खडक जागचा. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली तर तो ढिगारा, आणि पावसाळ्यात सरकणारा ढिगारा. तिथे माल मोजायचा नाही, धोक्याची खूण करायची.

दुसरं म्हणजे मुरमातले गोळे. बेसॉल्ट कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे घट्ट गोळा राहतो. रस्त्याच्या कापात असा मीटरभराचा गोळा दिसला की खाली पाषाण लागला असं वाटतं. चाचणीचा खड्डा घ्या, १ मीटर लांब-रुंद आणि दीड मीटरपर्यंत खोल; बाजूला आधार दिल्याशिवाय त्याहून खाली माणूस उतरवू नका. गोळ्याखाली परत मुरूम लागला तर ती जागा मुरमाच्या तक्त्यात जाते.

लाल बोल दिसला की थांबा. वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरलेलं पाणी याच्यावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं. एप्रिल-मे महिन्यात पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन जिथे जातात ती जागा बहुतेक वेळा याच रेषेवर असते. खाणीने झऱ्याच्या वरचा पाषाण काढला, की पाणी साठवणारा थरच जातो आणि झरा आटतो. तो परत येत नाही. म्हणून प्रत्येक झरा नकाशावर घ्या, त्याची उंची घ्या, आणि १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते नोंदवा. एकदा नोव्हेंबरात, एकदा मेमध्ये. झऱ्याच्या वरची बाजू, जिथून त्याला पाणी मिळतं तो सगळा उतार, वजाबाकीत टाका. ठेकेदार या जागेसाठी अडून बसतो, कारण घट्ट पाषाण नेमका तिथेच उघडा असतो. तुम्ही आकड्यांसकट लिहून ठेवलं तरच कुणीतरी नाही म्हणू शकेल.

उंचीचा घोळ

हातातल्या जीपीएसची आडवी चूक तीन-पाच मीटरची. उंचीची त्याहून बरीच जास्त. ६ मीटर जाडीच्या थराची वरची-खालची हद्द त्याने घ्यायची म्हणजे अंदाजपंचेच. जाडी टेपने, क्लिनोमीटरने (उताराचा कोन मोजणारं यंत्र) किंवा टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन एकत्र मोजणारं यंत्र) घ्या.

डीजीपीएस, म्हणजे दुरुस्तीसह अचूक जागा देणारं जीपीएस, वापरणारेही चुकतात. ते यंत्र कच्ची उंची एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून देतं, समुद्रसपाटीपासून नाही. मुंबईच्या पट्ट्यात या दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक आहे. गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभं राहून कच्चं वाचन घेतलंत तर उत्तर उणे साठच्या पलीकडे दिसेल. काही यंत्रं हा फरक स्वतः दुरुस्त करतात, काही करत नाहीत. दोन पथकांची वाचनं एकाच तक्त्यात मिसळली की डोंगराला नसलेला कडा फुटतो. दर सकाळी ज्ञात उंचीच्या एकाच बेंचमार्कवर सगळी यंत्रं तपासा.

ड्रोन

ड्रोनने काम झपाट्याने होतं, पण डोंगरात त्याचे दोन धोके आहेत. उड्डाणाची उंची निघालेल्या जागेपासून मोजली जाते. पायथ्यावरून १०० मीटरवर उडवलंत आणि डोंगर १५० मीटर उठला, तर ड्रोन उतारावर आपटणार. भूरूपाप्रमाणे उंची बदलणारी मोहीम लावा, किंवा टप्प्याटप्प्याने वर जाऊन उडवा. फोटोंचा पुढचा ओव्हरलॅप ७५-८० टक्के, बाजूचा ७० च्या आसपास, आणि जमिनीवरच्या खुणा पायथा, मध्य, माथा अशा तिन्ही उंचीवर. सगळ्या खुणा रस्त्यालगत ठेवल्या तर माथ्याची उंची हवेत तरंगते.

दुसरा धोका गवताचा. ड्रोनला जमीन दिसत नाही, वरचा पृष्ठभाग दिसतो. एका हेक्टरवर सरासरी अर्धा मीटर गवत म्हणजे ५,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १,७६६ ब्रास (एक ब्रास १०० घनफूट) नुसतं गवतच. मोजमापाचं उड्डाण गवत वाळून बसल्यावर, मार्चनंतर करा.

नमुने

वरच्या कुजलेल्या सालीचा नमुना प्रयोगशाळेत नापास होतो, आणि निवडून घेतलेला देखणा तुकडा नको तितका पास. कड्याच्या पूर्ण उंचीवर दर मीटर-दीड मीटरला तुकडे घेऊन एकत्र करा, प्रत्येक जागेचा ४० ते ५० किलो. पिशवीत चिठ्ठी, पिशवीवर मार्करने तोच क्रमांक. चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, ओल्या दगडाने ती विरघळते.

मुंबईत किंवा ठाण्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आयएस २३८६ या भारतीय मानकाप्रमाणे घनता, पाणी शोषण, आघात, चुरडणे आणि लॉस एंजेलिस झीज एवढ्या चाचण्या मागा. निकाल आयएस ३८३ शी ताडायचे. रस्त्याच्या पृष्ठभागासाठी आघातमूल्य ३० टक्क्यांच्या आत, इतर काँक्रीटला ४५ पर्यंत चालतं. पाणी शोषण २ टक्क्यांच्या वर गेलं तर परत डोंगरावर जा आणि नमुन्यात सच्छिद्र थर मिसळला का ते बघा.

हिशेब, आणि ब्रासचा सापळा

सपाट माथ्यावरचा १०० बाय १०० मीटरचा, म्हणजे १ हेक्टरचा गट घ्या. माती-मुरूम काढून खाली १२ मीटर पाषाण आहे. सरळ गुणाकार केला तर १,२०,००० घनमीटर. हा आकडा अहवालात टाकायचा नाही.

हद्दीपासून ७.५ मीटर पट्टा सोडावा लागतो. उरले ८५ बाय ८५, म्हणजे ७,२२५ चौरस मीटर. क्षेत्राचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग तिथेच गेला. ६ मीटर उंच, ६ मीटर रुंद अशा दोन बेंच (खाणीतल्या पायऱ्या) धरल्या तर खालची बेंच ७३ बाय ७३ ची उरते, म्हणजे ५,३२९ चौरस मीटर. दोन्हींचं घनफळ ७५,३२४ घनमीटर. त्यातून सांध्यांतली माती आणि सच्छिद्र पट्टे जातात. ते प्रमाण स्वतःच्या बोअरच्या गाभ्यावरून काढा. इथे २० टक्के धरलं, तर सुमारे ६०,२६० घनमीटर माल उरला.

आता ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण कसला ब्रास? जागेवरचा अखंड दगड घनमीटरला सुमारे २.८ टन, म्हणजे ब्रासला ७.९ टन. डंपरमधली खडी पोकळीसकट घनमीटरला १.५५ टनाच्या आसपास, म्हणजे ब्रासला जेमतेम ४.४ टन. आपले ६०,२६० घनमीटर म्हणजे जागेवरचे २१,३०० ब्रास, पण खडीचे ३८,३०० ब्रास. आणि सुरुवातीचा चुकीचा गुणाकार? तो जागेवरचे ४२,४०० ब्रास सांगतो. हा चुकीचा आकडा आणि खडीचा बरोबर आकडा इतके जवळ येतात, की तपासणाऱ्याला शंकाच येत नाही. एक चूक दुसरीला झाकते. यावर उपाय एकच, सगळा हिशेब टनांत करा. ब्रास लिहायचाच तर शेजारी ‘जागेवरचा’ किंवा ‘सुटा’ हा शब्द आणि वापरलेली घनता लिहा. ४.४ हा आकडाही उसना घेऊ नका. ओळखीच्या मापाचं खोकं भरून वजन करा.

ओढ्यातली रेती

कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या, डोंगराच्या भागात रेतीपेक्षा गोटेच जास्त. रेतीची जागा सापडली तर ठरलेल्या त्याच छेदरेषांवर (पात्राला आडव्या जाणाऱ्या रेषांवर) पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोनदा मोजा; फरक म्हणजे भरून आलेली रेती. छेदाची दोन्ही टोकं काठाच्या खडकावर रंगाने पक्की करा, पुरात खुंट्या वाहून जातात. खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, जे आधी लागेल तिथवर. पुलाच्या वरच्या अंगाला गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) पाचपट आणि किमान २५० मीटर, खालच्या अंगाला दहापट आणि किमान ५०० मीटर सोडा. आलेल्या साठ्यापैकी ६० टक्केच काढण्याजोगा म्हणून तक्त्यात जातो.

अहवाल गावापर्यंत

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसमोर ठेवतात. पाड्यावरून संकेतस्थळ कोण उघडणार? झरे, वजाबाकीच्या जागा आणि प्रस्तावित गट दाखवणारं एकेक पान मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गट नंबराबरोबर जागेचं गावातलं नावही लिहा. गट क्रमांकावरून कुणी हरकत घेत नाही. ‘उंबराच्या झऱ्यावरचा माळ’ वाचला की दुसऱ्या दिवशी माणसं येतात. त्यांनी दाखवलेला राहून गेलेला झरा जाऊन बघा, बादली लावा, आणि मुदत संपायच्या आत तक्ता दुरुस्त करून द्या.